पेडणे ते काणकोण, पाइप आणि खारा वारा

गुरुवार : कोल्हापूर, आंबोली, पेडणे

जानेवारीत गोव्याला जायचं ठरलं आणि निघायच्या आधीच बायकोने कलम लावलं, गाडीत नाही, हॉटेलच्या खोलीत नाही, मामांच्या घरात तर अजिबात नाही, पाइप ओढायचा तर बाहेर मोकळ्यावर जाऊन ओढा. आता गोव्यात मोकळ्यावर म्हणजे समुद्रावर, आणि समुद्रावर वारा किती असतो ते टोपी उडालेल्या कुणालाही विचारा. त्यामुळे हे वर्णन जरा तिरकं आहे, कुठे काय खाल्लं ते कमी आणि वारा कुठून होता ते जास्त. ज्यांना चर्च आणि शॅकची माहिती पाहिजे त्यांनी इथूनच परत फिरलं तरी राग नाही.

बरोबर दोन पाइप घेतले होते. एक ब्रायरचा, वाकड्या दांडीचा, जो मी जिवापाड जपतो (ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठाला वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी जी गाठ येते ते लाकूड, उष्णतेला टिकतं म्हणून पाइपला वापरतात), आणि दुसरा मक्याच्या कणसाचा. हे कणसाचे पाइप अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या वॉशिंग्टन नावाच्या गावात १८६९ पासून बनतात, दिसायला खेळण्यातले वाटतात पण वाऱ्यात न्यायला यांच्यासारखं दुसरं काही नाही, कारण जळून भोक पडलं तरी माणूस रडत बसत नाही. तंबाखू दोन प्रकारची, एक व्हर्जिनिया फ्लेक म्हणजे दाबून पट्ट्या कापलेली, आणि एक सुवासिक कॅव्हेंडिश, सुटी बारीक. पाइपसाठीचं इन्सर्ट म्हणजे आतला भाग बसवलेला झिपो लायटर, काडेपेट्या, टॅम्पर म्हणजे वाटीतली तंबाखू दाबायचं साधन, पाइप क्लीनरचं बंडल. गाडीने गेलो म्हणून हे सगळं नेता आलं, विमानात लायटर आणि काडेपेटी दोन्ही चालत नाहीत, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये.

गाडी मेव्हणा चालवत होता. आजऱ्याहून आंबोलीला आलो तेव्हा ऊन नुकतं चढत होतं आणि दरीतून वर येणारा गार वारा अंगाला झोंबत होता. टपरीवर चहा सांगितला, मी गाडीच्या आडोशाला जाऊन कणसाचा पाइप भरला, कॅव्हेंडिश, आणि झिपोने पेटवला. झिपो विझत नाही हे खरं, त्यासाठीच तर तो १९३० च्या दशकापासून जगभर विकला जातोय, पण न विझणारी ज्योत आणि पाइपमध्ये जाणारी ज्योत यात फरक आहे. वाऱ्याने ती आडवी होते आणि तंबाखू सोडून सगळीकडे जाते, वर पहिल्या दोन-चार झुरक्यांना पेट्रोलचा वास येतो तो वेगळाच. तरी पेटला. आणि पेटल्यावर मी काही करायची गरजच पडली नाही, वारा स्वतःच पाइप ओढायला लागला! मी चहाचा घोट घेतोय, पाइप हातात आहे, तोंडात नाही, आणि वाटीतला निखारा लालभडक. दुसरा चहा येईपर्यंत तंबाखू संपली, वाटी एवढी गरम की गालाला लावता येईना आणि जीभ पोळलेली.

तिथेच मला पक्कं कळलं की लोक वाऱ्यात पाइप पेटवायचा कसा याच्या मागे लागतात, विंडप्रूफ लायटर, जेट लायटर, काय काय घेतात, आणि खरी अडचण ती नाहीच. खरी अडचण पेटल्यानंतरची आहे. पाइप मजा देतो तो जेमतेम धुमसत असताना, विझू की नको अशा अवस्थेत. वारा लोहाराच्या भात्यासारखा वरून फुंकत राहिला की निखाऱ्याला हवा तेवढा ऑक्सिजन मिळतो, तंबाखूची चव जळून जाते, तिच्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन जिभेला चटका देते आणि एका अंगाने जास्त जळून लाकडालाही धोका होतो. जेट लायटरबद्दल तर न बोललेलं बरं, त्या निळ्या ज्वालेने वाटीची कड काळी करून घेतलेले चांगले चांगले पाइप बघितलेत मी.

संध्याकाळी पेडण्याला पोचलो. बायकोचे मामा इथलेच, अर्धं आयुष्य बोटीवर काढलेलं, मालवाहू जहाजांवर. रात्री उकड्या तांदळाचा भात आणि सुंगटाचं हुमण (कोलंबीची आमटी) झाल्यावर मामांनी माझ्या शर्टाच्या खिशातली दांडी बघितली आणि आत जाऊन एक डबा घेऊन आले. डब्यात त्यांचा जुना पाइप! डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी ओढणं कधीच सोडलंय, पण पाइप टाकलेला नाही, रिकामाच तोंडात धरून बसतात. मामी म्हणाल्या, "धूर नाही ना, मग बसू दे." तंबाखूच्या डबीवर पंच्याऐंशी टक्के जागा व्यापणारा तो इशारा आणि भयानक चित्र असतं त्याकडे बोट दाखवून मामांनी मलाही एक वाक्य ऐकवलं, ते इथे लिहीत नाही, पण खोटं काहीच नव्हतं त्यात.

शुक्रवार : केरी, तेरेखोल

मामा सकाळीच म्हणाले, "जावईबापू, केरीला जाऊ, पण दुपारचा पाइप विसरा. सकाळी नाहीतर दिवे लागल्यावर." मी विचारलं का, तर त्यांनी अंगणातल्या माडाकडे बोट केलं. झावळ्या समुद्राकडे झुकून हलत होत्या, म्हणजे वारा जमिनीवरून, घाटाकडून येणारा, मतलई. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले, पण कुणी त्याच्यावर पाइप पेटवायची वेळ ठरवेल असं वाटलं नव्हतं. रात्रभर जमीन समुद्रापेक्षा लवकर गार होते म्हणून वारा जमिनीकडून पाण्याकडे जातो, दिवस चढला की जमीन तापते आणि सगळं उलटं, समुद्रावरून वारा आत यायला लागतो, दुपारी तीन-चारला त्याचा जोर सगळ्यात जास्त, सूर्य बुडाला की उतरणीला लागतो. या दोघांच्या मध्ये दिवसातून दोनदा अशी वेळ येते की झावळी हलत नाही. मामा त्याला "पडलेला वारा" म्हणत होते आणि बोटीवर असताना किनाऱ्याजवळ नांगर टाकला की ते आपला पाइप त्याच वेळेसाठी राखून ठेवायचे.

केरीच्या किनाऱ्याला सुरूचं मोठं बन आहे. आम्ही पोचेपर्यंत दहा वाजून गेलेले, वारा फिरलेला, वाळूवर चांगलाच जाणवत होता. पण बनात पन्नास पावलं आत गेलो तर एकदम शांत, नुसता वरून सूं सूं आवाज. तिथे मामांनी काडेपेटीचा धडा दिला. मला वाटलं होतं मला काडी ओढता येते!

त्यांनी माझ्याकडून काडेपेटी घेतली, आतला खण निम्मा बाहेर सरकवला, त्यामुळे दुसऱ्या टोकाला नुसत्या कव्हराची एक पोकळ खोली तयार झाली. काडी ओढली आणि ओढल्या ओढल्या ज्योत त्या खोलीत घेतली, तळहाताची वाटी बाहेरून. काडीचं डोकं फुरफुरून शांत होईपर्यंत थांबले, कारण तो गुलाचा वास पाइपमध्ये गेला की पहिला झुरका वाया, आणि मग ज्योत लाकडाला लागून स्थिर झाल्यावर मला तोंडातला पाइप काडीकडे आणायला लावला, काडी पाइपकडे नाही. पाठ वाऱ्याला नव्हती, हे मी मुद्दाम सांगतोय. वाऱ्याला पूर्ण पाठ केली की अंगाला वळसा घालून तो समोरून तोंडावर येतो आणि ज्योत छातीकडे ओढली जाते. मामा खांदा वाऱ्याला देऊन तिरके उभे होते. पहिल्यांदा पेटवल्यावर तंबाखू फुगून वर आली, ती टॅम्परने हलकीच दाबली, मग दुसरी काडी. शेवटी त्यांनी काडेपेटी आडवी करून वाटीच्या तोंडावर ठेवली, वाऱ्याकडची बाजू झाकलेली, उलट्या बाजूला बोटभर फट, आणि मला म्हणाले "ओढा आता." निखारा सगळीकडून सारखा लागला. हे सगळं करताना त्यांचा स्वतःचा रिकामा पाइप दातांत तसाच.

तंबाखू मात्र माझी त्यांना पटली नाही. ही सुटी बारीक वाऱ्यात कापरासारखी जाते म्हणाले, फ्लेक भरा. फ्लेकची पट्टी उभी दुमडून, जरा पिळून, वाटीत उभी सरकवायची, पेटायला त्रास देते पण एकदा लागली की सावकाश जळते, आणि वाटी काठोकाठ भरायची नाही, वर करंगळीच्या नखाएवढी जागा सोडायची म्हणजे निखारा कडेच्या खाली राहतो आणि वारा वरून निघून जातो. राखही झाडायची नाही, तेच झाकण.

दुपारी फेरीने नदी ओलांडून तेरेखोलला गेलो. किल्ला छोटासा, आत सेंट अँथनीचं चर्च, नंतर हॉटेलही झालं. मूळ सावंतवाडीकर भोसल्यांचा, १७४६ ला पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी इथे तिरंगा लावला होता, तेव्हा गोव्याच्या मुक्तीला अजून सात वर्षं होती. पेडण्यात मुक्तिसंग्रामाच्या गोष्टी अजून घराघरात ऐकायला मिळतात. तटावर वारा असा की बोलणं ऐकू येईना, पाइप खिशातच.

शनिवार : शापोरा

मामा आले नाहीत, त्यांनी त्यांची पितळी विंड कॅप माझ्या हातात ठेवली आणि वापरून बघा म्हणाले. गोल झाकण, त्याला भोकं, खाली वाटीच्या आत पकड घेणाऱ्या स्प्रिंगच्या पाकळ्या. कणसाच्या पाइपला सैल झाली, ब्रायरला बसली.

शापोऱ्याला मेव्हण्याच्या हट्टासाठी गेलो, एका सिनेमामुळे तिथे फोटो काढायला ही गर्दी असते. १७१७ साली पोर्तुगीजांनी पुन्हा बांधलेला किल्ला, आत आता मोकळं पठार आणि जांभ्याचा तट, बस्स. चार वाजलेले, खारा वारा भरात. मला वाटलं एवढी जाड भिंत आहे, तिच्या मागे बसू, आणि तिथे एक गंमत बघायला मिळाली. भिंतीच्या मागे वारा थांबत नाही, तो वरून उडी मारून खाली येतो आणि भोवरा करतो. पाइप न पेटवताच कळलं, मेव्हण्याने चिप्सचं रिकामं पाकीट ठेवलं होतं ते आधी भिंतीकडे गेलं, मग वर उठलं, मग आमच्या तोंडावर. केरीच्या बनात असं नव्हतं, कारण झाडांमधून थोडा वारा गाळून पुढे जातो, त्याचा जोर मोडतो पण गिरकी होत नाही. किनाऱ्यावर वारा अडवायला भिंत न बांधता सुरूची झाडं लावतात ती काही उगाच नाही. भिंतच असेल तर तिला अगदी चिकटून बुडाशी बसावं, चार पावलं लांब बसाल तर उघड्यावर बसल्यापेक्षा वाईट हाल.

पेटवला मात्र नाहीच. जानेवारीत तिथलं गवत वाळून पिवळं झालेलं असतं आणि वाऱ्यात पाइपमधून ठिणगी उडते, सुटी तंबाखू असेल तर पेटलेला तंतू आख्खा उडतो. मेव्हणा म्हणाला, "काय दाजी, एवढं वर चढून आलो आणि ओढणार नाही?" म्हटलं, डोंगर पेटवायला नव्हतो आलो. शिवाय सगळीकडे पोरंटोरं. गोव्यात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि थुंकण्यावर स्वतःचा १९९७ चा कायदा आहे, देशभरातल्या २००३ च्या कायद्याच्याही आधीचा. दंड सोडा, पण लेकरांच्या तोंडावर धूर सोडणाऱ्या माणसाला मी तरी पाइपवाला म्हणणार नाही.

रविवार : पणजी, दिवाडी

पणजीत सकाळी पातळ भाजी आणि उंडे, मग रायबंदरहून फेरीने दिवाडी बेटावर. नदीवरचा वारा समुद्रापेक्षा सौम्य, माडांनी अडवलेला. पलीकडे उतरून शेताच्या बांधावर, वस्तीपासून लांब, एक अर्धी फ्लेक ओढली. कॅप लावून. कॅपने निखारा दिसत नाही, कुठे जळतंय कुठे विझतंय ते कळत नाही, आणि टॅम्परने दाबायचं असेल तर ती काढावी लागते तेव्हा बोट भाजतं. शिवाय आत ओलावा कोंडून बुडाशी गुरगुर सुरू होते, क्लीनर घालावा लागतो. चालताना ओढायचा असेल तर कॅप उत्तम, बसून ओढणाऱ्याला हाताचा पंजा पुरतो. पंजाने वाटीचं तोंड अर्धं झाकलं तर बोटांना उष्णता लगेच कळते, आणि तोच खरा मीटर.

तिथे बसून एक विचार आला की समोरच्या जुन्या गोव्याच्या धक्क्यांवर कधीकाळी ब्राझीलची तंबाखू उतरत होती, पोर्तुगीज सरकारचा तिच्यावर मक्ता होता आणि त्यातून खजिन्यात चांगला पैसा यायचा. आपल्याकडे हे व्यसन आणलं ते त्यांनीच. अकबराचा वकील म्हणून विजापूरला गेलेल्या असद बेगने १६०४ च्या सुमारास तिथून तंबाखू नेऊन अकबरापुढे ठेवली, बादशहाने एक-दोन झुरके घेतले आणि हकीमांनी आक्षेप घेतला. पुढे १६१७ ला जहांगीरने बंदी घातली, तिचं काय झालं ते दिसतंच आहे.

दुपारी ऊन आणि झोप. लिहिण्यासारखं काही नाही.

सोमवार : काब द राम

दक्षिणेला उतरलो, रस्ता मडगाव सोडल्यावर छान आहे. काब द रामचा किल्ला मोठा आणि ओसाड, १७६३ ला सौंद्याच्या राजाकडून पोर्तुगीजांकडे गेला, १९५५ पर्यंत आत तुरुंग होता. आत एक पांढरं चर्च अजून वापरात आहे. पश्चिमेच्या बुरुजावरून खाली सरळ कडा आणि समुद्र. वारा कड्याला आपटून वर चढतो, म्हणजे समोरून नाही तर खालून येतो, शर्ट फुग्यासारखा फुगला होता. बायकोला ती जागा फार आवडली. ती म्हणाली, "इथे पेटवून दाखवा, मग मानते." मी कणसाचा पाइप काढला, फ्लेक कमी भरली, पायाखाली नुसता उघडा जांभा आहे ना ते बघून घेतलं, गवत लांब होतं. खाली बसलो, खांदा वाऱ्याला, काडेपेटीची खोली, काडी, पाइप काडीकडे. पहिली विझली. दुसरी विझली. तिसरी लागली, वर काडेपेटीचं झाकण, आणि धूर आला. बायकोने टाळ्या वाजवल्या, पण धूर तोंडातून बाहेर पडताच नाहीसा होत होता, ना वास ना चव, आणि मला वाटतं पाइपचा अर्धा आनंद तो धूर डोळ्यासमोर तरंगताना बघण्यात असतो, वाऱ्यात तो जातोच. पाच मिनिटांत वाटी तापली, दाबून विझवला, गार होऊ दिला आणि उरलेली जळकी तंबाखू डबीत भरून घेतली. तिथे झाडून टाकणं सोपं होतं, करू नये.

रात्री आगोंदला मुक्काम.

मंगळवार : आगोंद, परत

पहाटे एकटाच किनाऱ्यावर गेलो. या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, घरट्यांना कुंपण घालून ठेवलेलं असतं, त्या बाजूला गेलो नाही, उलट्या टोकाला खडकांपाशी बसलो. मागे डोंगर, त्यामुळे मतलई वाराही नावापुरताच, माडाची टोकं तेवढी हलत होती. ब्रायर काढला, ट्रिपमध्ये पहिल्यांदा कॅप न लावता. आख्खी पट्टी दुमडून भरली, एका काडीत वरचा थर जळला, दाबला, दुसऱ्या काडीत लागला. आणि मग तासभर तो पाइप चालला, मध्ये दोनदा विझला, पुन्हा पेटवला, त्याला काही हरकत नाही, विझणारा पाइप हाच चांगला चाललेला पाइप. व्हर्जिनियाचा तो वाळलेल्या गवतासारखा गोडसर वास पहिल्यांदाच नीट आला, गेले दोन दिवस हीच तंबाखू ओढतोय यावर विश्वास बसेना. शेवटी बुडाशी नुसती पांढरट राख, ओल नाही. होड्या परत येत होत्या, बायका टोपल्या घेऊन पुढे गेल्या, आणि साडेनऊ-दहाला माझ्या उजव्या कानाला पहिली खारी झुळूक लागली तेव्हा पाइप खिशात टाकून नाश्त्याला गेलो.

येताना मोले, अनमोड घाटातून. कणसाचा पाइप गाडीत बघितला तर वाटीची कड एका बाजूने काळी पडून झिजलेली, दुसरी बाजू जवळजवळ नवी. अजून दोन-तीन सहली निघतील त्याच्यावर.

बेळगावात जेवताना मामांना फोन लावला, म्हटलं कॅप कुरिअर करतो. "राहू दे तुमच्याकडे," म्हणाले, "जानेवारीतला वारा म्हणजे काहीच नाही, एप्रिल-मेला या, तेव्हा दुपारी केरीला उभे राहून दाखवा." मी हो म्हणालो. फोन स्पीकरवर होता. बायको म्हणाली एप्रिलमध्ये पोरांच्या परीक्षा आहेत, मेव्हणा म्हणाला दाजी मी येतो, आणि दोघांचं त्याच्यावरून जे सुरू झालं ते निपाणी येईपर्यंत चाललं.